एअर फ्रायर घेतला तो फळांच्या गोड पदार्थांसाठी : वर्षभर वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, फ्रेंच फ्राईज, टिक्का, समोसे यासाठी वाचत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. आमच्याकडे एअर फ्रायर आला तो निव्वळ गोड खाण्यापायी. बाबांना मधुमेह, आईला गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलेलं, मला जेवण झालं की काहीतरी गोड लागतंच आणि लेकीला डब्यात केक पाहिजे. बेकरीचा केक नको नको म्हणून सगळ्यांची भांडणं व्हायला लागली तेव्हा बायको म्हणाली घरीच करा की फळंबिळं घालून, साखर-तूप कमी करून. ओट्यावर मोठ्या ओव्हनला जागा नाही म्हणून मग हा. चार लिटरचा, खाली बास्केट ओढायची तो प्रकार, १४०० वॅटचा, ऑफरमध्ये साडेपाच हजाराच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तिला शिव्या पण घालणार आहे, आणि तसंही या किमतीतले डबे आतून जवळपास सारखेच असतात, वर कॉइल, त्याच्या वर पंखा, खाली जाळी, बास.

घाई असेल तर एवढंच वाचा: फळं भाजायला एक नंबर, क्रम्बलला (फळावर कुरकुरीत चुरा घालून भाजतात तो प्रकार) चांगला, केकला बरा, फळांच्या चिप्सला बोगस. पाचपैकी साडेतीन. घरात आधीच ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) किंवा कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह असेल तर यासाठी वेगळे पैसे घालवू नका.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ना, इतके इतके टक्के कमी तेल, ते कढईत तळण्याच्या तुलनेत आहे. फिलिप्सने २०१० मध्ये एअर फ्रायर बाजारात आणला तेव्हापासून सगळी जाहिरात तळणीवर चाललीये, आणि तळणीपुरती ती ठीकच आहे. पण केक कोण तळतं? केकमध्ये तुम्ही १०० ग्रॅम बटर घातलं तर ते १०० ग्रॅमच राहतं, मशीन ते कुठं गायब करत नाही. म्हणजे एअर फ्रायरमधला चॉकलेट लावा केक (आमच्या रेसिपी बुकात गोडाच्या नावाखाली एवढा एकच प्रकार दिलाय, मोठी कृपा) हा ओव्हनमधल्या लावा केकइतकाच जड असतो. हलकं करायचं ते भांड्यात, मशीनमध्ये जायच्या आधी. साखर एका ग्रॅमला ४ कॅलरी, तेल-तूप ९, पिकलेलं केळं १०० ग्रॅमला साधारण ९०, सफरचंद ५०च्या आसपास. साखर-तुपाची जागा फळाला किती देता येते यावरच सगळा खेळ आहे. मशीनचं काम एवढंच की फळातलं पाणी आटवून त्याची चव घट्ट करायची, आणि ते काम हे जाम भारी करतं.

अननस घ्या. हा आमच्याकडचा हिट आयटम आहे. अर्ध्या इंचाच्या चकत्या, मधला दांडा काढून, फडक्याने कोरड्या टिपून घ्यायच्या, वर चिमूटभर मीठ आणि अगदी किंचित लाल तिखट, २०० डिग्रीवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. सहाव्या-सातव्या मिनिटाला कडा पिवळ्याच्या खाकी होतात, मग जाळीच्या रेषा उमटतात, आणि शेवटच्या दोन मिनिटांत कडेला काळे ठिपके यायला लागतात, तिथे बंद करायचं. वास अख्ख्या बिल्डिंगमध्ये जातो. खालच्या ट्रेमध्ये आधीच दोन चमचे पाणी ओतून ठेवा, नाहीतर गळलेला रस तिथे जळतो आणि धूर होतो. या चकत्या गार झाल्या की बारीक चिरून चक्क्यात घालायच्या, वर वेलची, संपलं. एक थेंब साखर नाही. नेहमीच्या घरगुती श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर जाते, म्हणजे पाव किलो चक्क्याला दोनशे-अडीचशे ग्रॅम, त्याच्यापुढे हे बघा. हो, श्रीखंड नाहीये हे, आई पहिल्या घासाला म्हणाली “आंबट आहे रे”, पण वाटी संपवली.

आणि इथे भाजणं नुसतं चवीसाठी नाहीये. कच्चा अननस दह्यात, चक्क्यात किंवा दुधात घालून ठेवला की थोड्या वेळाने कडवट लागायला लागतो, कारण त्यात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं ते दुधातली प्रोटीन्स तोडतं. त्याच कारणाने ताज्या अननसाची जिलेटिनवाली जेली कधी सेट होत नाही. उष्णता लागली की हे एन्झाइम निकामी होतं, म्हणून भाजलेला अननस चक्क्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत व्यवस्थित राहतो. ज्यांना जेलीच करायचीये त्यांनी चायना ग्रास वापरा, ते समुद्री शेवाळापासून बनतं, प्रोटीन नाही, त्यामुळे त्याला अननसाचा त्रास नाही.

स्ट्रॉबेरी पण मस्त होते. महाबळेश्वरचे बॉक्स थंडीत आमच्या सांगलीत गाड्यांवर येतात, वरच्या थराला लालभडक आणि खाली अर्धी पांढरी आंबट, हे काही कुणाला नवीन नाही. ती पांढरी आंबट जी असतात ना, ती अर्धी कापून छोट्या केकच्या टिनमध्ये १६० डिग्रीवर पंधरा मिनिटं ठेवा. आधी पाणी सुटतं, मग ते आटत येतं आणि खाली गडद लाल पाक राहतो. एक चमचा गूळ घातला तर चालतो, नाही घातला तरी चालतो. दह्यावर घाला, सकाळी ओट्सवर घाला, लेक पोळीला जॅम म्हणून लावते आणि तिला फरक कळत नाही. बाजारच्या जॅममध्ये लेबल वाचलं तर बऱ्याचदा पहिलंच नाव साखरेचं असतं. फक्त हे टिकत नाही हां, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, कारण जॅम टिकतो तो साखरेमुळेच आणि तीच आपण काढून टाकलीये.

पुरंदरचे अंजीर मिळाले तर अर्धे कापून, कापलेली बाजू वर, १८० वर सात-आठ मिनिटं, वर अक्रोडाचा चुरा. यावर जास्त बोलत नाही कारण आमच्याकडे ते प्लेटमध्ये येईपर्यंतच संपतात. पेरू चांगला होतो पण बिया जास्तच टणक लागतात, मधला गर काढून फक्त भिंत भाजायची. चिकू भाजू नका, नुसता गोडमिट्ट लगदा होतो, चिकू केकच्या पिठातच बरा. सीताफळ तर अजिबात नाही, त्याचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तर बासुंदी पूर्ण गार झाल्यावर सीताफळ घालतात. आणि हापूस. कुणीतरी रीलमध्ये हापूसच्या फोडी एअर फ्राय करताना बघितलं मी. पाप आहे हे. कापा आणि खा.

क्रम्बल म्हणजे खाली फळ, वर कुरकुरीत चुरा. मूळ इंग्लिश पद्धतीत चुऱ्यासाठी मैदा, त्याच्या निम्मं बटर, निम्मी साखर, साधारण असं असतं. मी काय करतो, दोन सफरचंदं सालासकट बारीक चिरून, लिंबू आणि दालचिनी लावून दोन सिरॅमिकच्या वाट्यांत भरतो, साखर शून्य. वर चार चमचे ओट्स, दोन चमचे कणीक, थोडे अक्रोड, एक मोठा चमचा गूळ आणि एक मोठा चमचा पातळ तूप, हे सगळं बोटांनी चोळून. १६० वर दहा मिनिटं फॉइल लावून आणि मग सहा-सात मिनिटं उघडं. चार जणांना पुरतं, म्हणजे माणशी पाव मोठा चमचा तूप, याहून हलकं गोड मला तरी माहीत नाही.

पण इथे मशीनचा एक मोठा वैताग आहे. वरून पंखा हेअर ड्रायर लावल्यासारखा वारा मारतो, आणि ओट्स, बदामाचे काप, नारळाचा कीस असलं हलकं सामान वर नुसतं भुरभुरलं असेल तर ते उडतं, गोल गोल फिरतं आणि कॉइलला जाऊन चिकटतं, मग दोन दिवस काहीही करा, जळका वास येतो. म्हणून चुरा तुपात नीट ओला करून चमच्याच्या पाठीने दाबून बसवायचा. फॉइल वाटीच्या कडेखाली घट्ट दुमडायची. आणि बटर पेपर जाळीवर रिकामा ठेवून प्रीहीट कधीही करू नका, कागद उडून थेट कॉइलला लागतो, हे नुसतं वैतागाचं नाही, धोक्याचं आहे. आमच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही, मात्र चौदा भाषांमध्ये “उपकरण पाण्यात बुडवू नये” आहे.

आता केक, ज्याच्यासाठी खरं तर घेतला होता.

केळ्याचा केक हा एअर फ्रायरला सगळ्यात कमी छळणारा केक. सालीवर काळे डाग पडलेली, घरात कोणी हात लावत नाही अशी तीन केळी, सोलून साधारण ३०० ग्रॅम. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते, म्हणून हिरवट-पिवळं केळं घेतलं तर वरून साखर घालावीच लागते आणि सगळा उद्देश संपला. त्यात १०० ग्रॅम दही, ४० ग्रॅम तेल, ५० ग्रॅम गूळ, १५० ग्रॅम कणीक, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, दालचिनी, चिमूट मीठ. कणकेतला कोंडा पाणी प्यायला वेळ घेतो म्हणून कणीक, दही, केळं, गूळ, तेल मिसळून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं आणि सोडा-पावडर अगदी शेवटी. सगळा हिशोब केला तर अख्खा केक चौदाशे कॅलरीच्या आत बसतो, आठ तुकडे केले की तुकड्याला पावणेदोनशे. नेहमीच्या रेसिपीत याच मापाला १०० ग्रॅम बटर आणि दीडशे-दोनशे ग्रॅम साखर असते, तिथे दीडपट तरी होतातच.

तेल पूर्ण काढून नुसत्या केळ्यावर आणि सफरचंदाच्या प्युरीवर करा असं बरेच जण सांगतात. करू नका. फळाची प्युरी ओलावा धरते, त्यातलं पेक्टिन (जॅम घट्ट करतं ते) त्याला मदत करतं, पण कणकेतलं ग्लूटेन (पीठ चिवट करणारं प्रोटीन) मऊ ठेवायचं काम चरबीचं आहे आणि ते केळं करू शकत नाही, चरबी नसली की केक दातांत रबरासारखा येतो. निम्मं तेल काढून तेवढी प्युरी घाला, तिथपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

आता मशीनचा प्रॉब्लेम. ओव्हनच्या रेसिपीत १८० डिग्री लिहिलेलं असतं, इथे ते वापरलं तर वरचा थर पंधरा मिनिटांत चॉकलेटी होतो, फुगून तडा जातो आणि आत कच्चं पीठ राहतं, कारण कॉइल टिनच्या डोक्यावर चार बोटांवर आहे आणि खालून काहीच नाही. १५० डिग्री, टिनला फॉइल बांधून तीस मिनिटं, मग फॉइल काढून आठ-दहा मिनिटं, मग बंद करून आतच पाच मिनिटं. सहा इंची टिनच्या पुढे जाऊ नका, आणि टिन निम्म्याच्या थोडं वर, त्यापेक्षा जास्त भरायचं नाही. एवढं केलं तरी तळाची बाजू थोडी फिकी राहते. ओव्हनमधला केक याच्यापेक्षा चांगला होतो, यात वाद नाही. म्हणून केकला बरा म्हणलं, चांगला नाही म्हणलं.

साखर कमी केली की अजून दोन गोष्टी होतात, त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. एक, रंग कमी येतो. दोन, केक लवकर सुकतो आणि लवकर बुरसतो, साखर पाणी धरून ठेवते म्हणून बेकरीचा केक आठवडाभर मऊ राहतो. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात फळांचा केक बाहेर दुसऱ्या दिवशीच चिकट व्हायला लागतो, म्हणून गार झाला की तुकडे करून फ्रिजमध्ये, आणि डब्यात देताना दोन मिनिटं परत १४० वर. हे री-हीटचं काम मात्र मायक्रोवेव्हपेक्षा हे शंभरपट चांगलं करतं, मायक्रोवेव्हमध्ये केक आधी ओला होतो आणि गार झाला की दगड.

बाबांसाठी म्हणून सुरू केलं होतं त्यामुळे हेही लिहितो. “शुगर फ्री केक” म्हणून जे रील्स फिरतात त्यात साखरेऐवजी मध, खजूर, गूळ, बेदाणा असतो. राव, ती पण साखरच आहे. आमच्या तासगावचा बेदाणा घ्या, मला प्राणप्रिय आहे, गरम पाण्यात भिजवून वाटून केकमध्ये घातला की रंग-चव दोन्ही सुंदर येतात, पण १०० ग्रॅम बेदाण्यात ६० ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जे सांगितलं त्यात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांचा ज्यूस पण धरलाय, आणि हे सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा लहान चमचे. अख्ख्या फळातली साखर त्यात धरलेली नाही. म्हणून मी भाजलेल्या फळाच्या बाजूने आहे, ज्यूस आटवून केलेल्या पाकाच्या नाही. तरी मधुमेहवाल्याला फळाचं पण मोजूनच खावं लागतं, बाबांना अननसाच्या दोन चकत्या, संपलं, त्यावर हुज्जत घालतात ते वेगळं. तुमच्या घरचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या रिव्ह्यूवर जाऊ नका.

चिप्सबद्दल एकच परिच्छेद. सफरचंदाचे पातळ काप ९० डिग्रीवर तासभर ठेवायचे म्हणतात. एका वेळी जाळीवर मावतात जेमतेम एका सफरचंदाचे, एकावर एक आले की चिकटतात, एकटे असले की उडतात, आणि तासाभराने निम्मे कुरकुरीत, निम्मे चामडं. बाहेर काढून दहा मिनिटांत सांगलीच्या पावसाळी हवेत तेही मऊ. सफरचंद तसंच खा.

आता तक्रारी. वायर आखूड आहे, मीटरभर पण नाही, आणि १४०० वॅटला १६ अँपियरचा मोठा प्लग लागतो. जुन्या फ्लॅटच्या किचनमध्ये असा पॉईंट एकच असतो आणि तिथे फ्रिज नाहीतर मायक्रोवेव्ह बसलेला. एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका, तो साधा ६ अँपियरवाला असेल तर तापतो. इलेक्ट्रिशियनला बोलवून पॉईंट काढून घेतला, तो खर्च मशीनच्या किमतीत धरा. विजेचं बिल मात्र काही विशेष नाही, चाळीस मिनिटांचा केक एका युनिटच्या आतच होतो, कारण कॉइल सारखी चालू-बंद होत असते.

बास्केटचं कोटिंग सात-आठ महिन्यांत एका कोपऱ्यातून सुटायला लागलं. आम्ही तारेची घासणी कधी लावली नाही, पण फळांचा रस जळून चिकटतो तो साध्या स्पंजने निघत नाही, रात्रभर कोमट पाण्यात लिंबू पिळून ठेवायला लागतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर “कोटिंग वॉरंटीत येत नाही सर, नवीन बास्केट मागवा”, आणि नवीन बास्केटची किंमत ऐकून मी फोन ठेवला. म्हणजे वॉरंटी दोन वर्षांची, पण जो भाग खराब होणार तो सोडून. वॉरंटी कार्डचं बारीक प्रिंट पैसे द्यायच्या आधी वाचा, दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. त्यानंतर मी जाळीवर थेट काही ठेवतच नाही, सगळं टिनमध्ये नाहीतर वाटीत, अपवाद फक्त अननसाचा.

टिन घ्यायला जाताना बास्केटची आतली मापं पट्टीने घेऊन जा, उंचीसकट. बॉक्सवर चार लिटर लिहिलेलं असलं तरी तळ बाहेरून दिसतो त्यापेक्षा लहान असतो, कोपरे गोल असतात म्हणून सात इंची टिन बसेल असं वाटतं आणि बसत नाही. कान असलेलं टिन नको. टिनच्या बाजूने बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर हवा खाली जात नाही आणि केकचा तळ आणखी कच्चा. भांड्यांच्या दुकानात साधी ॲल्युमिनियमची सरळ काठाची सहा इंची डबी मिळते, खोलीला अडीच-तीन इंच, ती ऑनलाइनच्या “एअर फ्रायर स्पेशल किट”च्या पाव किमतीत येते आणि काम तेच करते.